पॉवर बँक घ्यायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा

दोन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा वारीला निघाले तेव्हा मी त्यांना दुकानातली सगळ्यात मोठी पॉवर बँक घेऊन दिली, २०००० एमएएचची, डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात फास्ट चार्जिंग लिहिलेलं, आणि मला वाटलं आता पंढरपूरपर्यंत चिंता मिटली. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो तिथपर्यंत सगळं ठीक होतं, जेजुरीहून फोन आला, वाल्ह्याहून आला, लोणंद सोडल्यावर मात्र फोन बंद. दीड दिवस काही पत्ताच नाही. आई जेवली नाही धड. शेवटी दिंडीतल्या एका माउलींच्या फोनवरून बाबा बोलले, "अगं बँक भरतच नाही, दोन-दोन तास लावतोय तरी एकच दिवा लागतो."

बँक बिघडलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. चूक बघण्यात झाली होती. मी फक्त २०००० हा आकडा बघितला आणि मागच्या बाजूला जे राखाडी बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचलंच नाही. म्हणून हे लिहितेय, वारीला जाणार असाल, गडावर जाणार असाल, गावाला दिवसभर लाईट नसते म्हणून हवी असेल, कुठल्याही कारणानं घेत असाल तरी ही अक्षरं वाचायला शिका. अक्षरं फार लहान असतात, फोनचा कॅमेरा लावून झूम करा आणि निवांत वाचा. ऑनलाईन घेत असाल तर फोटोंमध्ये मागच्या बाजूचा फोटो शोधा, तो दिलेलाच नसेल तर ती बँक सोडून द्या.

तिथे पहिली ओळ इनपुट म्हणून असते. म्हणजे बँक स्वतः किती वेगानं भरते. आमच्या त्या बँकेवर लिहिलं होतं ५ व्होल्ट २ अँपिअर. गुणाकार करा, १० वॉट. आता २०००० एमएएच म्हणजे आत किती वीज मावते तर आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ असतो, आणि २०००० मिलीअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, म्हणून २० गुणिले ३.७, ७४ वॉट-अवर. १० वॉटनं ७४ भरायला सात-साडेसात तास, त्यात थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणजे धरा नऊ तास. दिंडीच्या ट्रकवर एक बोर्ड लटकवलेला असतो, त्याला चाळीस-पन्नास फोन लागायचे असतात, तुमच्या वाट्याला दोन तास आले तर नशीब. दोन तासात १० वॉटनं किती भरणार, पाव सुद्धा नाही. बाबांचा एकच दिवा लागत होता तो बरोबरच लागत होता.

आणि इथे एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. प्लग जर दोनच तास मिळणार असेल तर बँक १०००० ची आहे की २०००० ची याला काही अर्थच राहत नाही, त्या दोन तासात आत किती जाईल हे फक्त इनपुटवर ठरतं. १० वॉट इनपुटची २०००० वाली बँक दोन तासात जेवढी भरते त्याच्या जवळपास दुप्पट २० वॉट इनपुटची १०००० वाली भरते, आणि वजन निम्मं. मोठी बँक घेऊन बाबा रोज जवळपास चारशे ग्रॅम वजन वाहत होते आणि त्यातला बहुतेक भाग रिकामाच होता. म्हणून आधी स्वतःला विचारा की मला प्लग कधी आणि किती वेळ मिळणार आहे. रोज रात्री थोडा वेळ मिळणार असेल तर जास्त इनपुटवाली छोटी बँक. राजगडावर दोन रात्री राहणार आणि खाली उतरेपर्यंत प्लगच नाही, तर मोठी, ती घरी आरामात रात्रभर भरून न्या, तिथे इनपुट कमी असलं तरी चालतं.

बँक भरायला चार्जर कुठला वापरता हेही बघा, कारण १८-२० वॉट इनपुटची बँक जुन्या ५ वॉटच्या चार्जरला लावली तर ती ५ वॉटनंच भरणार. घरात फोनबरोबर आलेला जो फास्ट चार्जर आहे तो पीडी असेल तर उत्तम. पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, आयफोनपासून बहुतेक अँड्रॉइडपर्यंत ज्याला त्याला थोडीफार समजणारी ही सामायिक भाषा आहे असं समजा. बँक घेताना यूएसबी-सी पोर्टमधून इनपुट आणि आउटपुट दोन्ही होतं का ते बघा. मायक्रो यूएसबीनं भरणारी आता घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

आता आउटपुट. इथे खरी गंमत, म्हणजे खरा घोळ. डब्यावर लिहिलेलं असतं २२.५ वॉट. तुम्हाला वाटतं माझा फोन २५ वॉट घेतो, म्हणजे जवळपास तेवढंच मिळेल. पण मागची ओळ वाचा, यूएसबी-ए म्हणजे जुन्या चौकोनी पोर्टपुढे काहीतरी असं असतं: ४.५ व्होल्ट ५ अँपिअर, ५ व्होल्ट ४.५ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर. यातला २२.५ कुठून आला? साडेचार गुणिले पाच. हा मूळ हुआवेच्या फोनसाठीचा हिशोब आहे, ती भाषा समजणाऱ्या फोनलाच ते २२.५ मिळतात. बाकीच्या फोनला त्याच पोर्टमधून ९ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १८ वॉट, तेही फोनला क्विक चार्ज नावाची फास्ट चार्जिंगची दुसरी भाषा येत असेल तर, नाहीतर साधे १० वॉट. शेजारच्या यूएसबी-सी पोर्टपुढे बहुतेक वेळा ९ व्होल्ट २.२२ अँपिअर असतं, ते २० वॉट, आणि तुमच्यासाठी बहुधा हाच पोर्ट कामाचा.

मग एक ओळ असते जी कोणी वाचत नाही, टोटल आउटपुट. म्हणजे दोन फोन एकदम लावले तर काय. बऱ्याच बँकांत तिथे ५ व्होल्ट ३ अँपिअर असतं, १५ वॉट, ते दोघांत वाटून. म्हणजे दुसरी केबल खुपसली की पहिल्या फोनचं फास्ट चार्जिंग तिथेच संपलं. नवरा-बायको दोघं एकाच बँकेवर असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा, एकामागून एक लावा, दोन्ही फोन मिळून लवकर होतात.

फोननुसार थोडं सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आयफोन ८ पासून पुढचे सगळे पीडीवर फास्ट चार्ज होतात, २० वॉटची पीडी बँक घेतली की काम झालं, १५ पासून तर पोर्टही यूएसबी-सी आहे. सॅमसंगचं वेगळं आहे, त्यांच्या २५ वॉटच्या सुपर फास्टला नुसतं पीडी पुरत नाही, पीपीएस लागतं. पीपीएस म्हणजे फोन बँकेला सतत सांगत राहतो की आता एवढा व्होल्टेज दे, आता जरा कमी कर, आणि बँक अगदी बारीक पायऱ्यांनी तसं करते, त्यामुळे फोन कमी तापतो. बँकेवर पीपीएस लिहिलेलं नसेल तर सॅमसंग चार्ज होईल पण लॉक स्क्रीनवर सुपर फास्ट दिसणार नाही, नुसतं फास्ट दिसेल. आणि सॅमसंगचे जे ४५ वॉटचे फोन आहेत त्यांना पीपीएससोबत ५ अँपिअरची केबलही लागते.

वनप्लस, ओप्पो, रियलमी, विवो, शाओमी यांच्या ज्या ६७, ८०, १०० वॉटच्या जाहिराती असतात ते वेग त्यांच्या त्यांच्या चार्जर आणि केबलवर मिळतात. तुम्ही बाहेरची ६५ वॉटची बँक घेतली तरी फोन ६५ घेणार नाही, बऱ्याच मॉडेल्सना साधारण १८ वॉटच्या आसपासच मिळतात, नव्या काही मॉडेल्समध्ये पीपीएसवर जास्त मिळतात. म्हणून अशा फोनसाठी महागडी ६५ वॉटची बँक फक्त फोनकरता घेऊ नका. लॅपटॉपही त्यावर चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ती खरंच उपयोगी पडते.

केबल. निम्म्या तक्रारी केबलच्या असतात आणि शिव्या बँकेला बसतात. ए-टू-सी केबलमधून पीडी जातच नाही, कितीही महाग केबल घ्या. पीडी हवं तर सी-टू-सी, किंवा जुन्या आयफोनला सी-टू-लाइटनिंग. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअर जातात, फोनला ते भरपूर झालं, ५ अँपिअर हवे तर केबलमध्ये चिप असते आणि केबलवर १०० वॉट किंवा २४० वॉट असं लिहिलेलं असतं. बारीक वायरची दोन मीटर लांब केबल प्रवासात नेऊ नका, वाटेतच वीज खाते, अर्धा मीटर किंवा त्याहून आखूड पुरे, बँक आणि फोन एकाच पिशवीत तर असतात. आणि सी-टू-सी लावल्यावर कधीकधी उलटंच होतं, फोनच बँकेला चार्ज करायला लागतो! असं झालं तर केबल काढून पुन्हा लावा, बँकेचं बटण एकदा दाबा, तरीही नाही झालं तर अँड्रॉइडमध्ये वरून नोटिफिकेशन खाली ओढून यूएसबीच्या सेटिंगमध्ये जा, तिथे कोण कोणाला चार्ज करतंय ते बदलता येतं. बाबांना हे करून दाखवलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी एक टेस्ट करा, परत करायची मुदत असते तोवरच. फोन २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, मग बँकेला लावा, स्क्रीन बंद, अर्धा तास हात लावू नका. ५००० एमएएचचा फोन असेल आणि खरंच १८-२० वॉट मिळत असतील तर अर्ध्या तासात साधारण ४० टक्के चढायला हवेत. वीसच टक्के चढले तर तुम्हाला १० वॉटच मिळतायत, केबल बदला, पोर्ट बदला, पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर परत. ही टेस्ट ८० टक्क्यांच्या वर करू नका, तिथे प्रत्येक फोन मुद्दाम हळू घेतो, बँकेचा दोष नसतो.

एमएएचबद्दल सगळ्यांची फसगत होते ती अशी. १०००० ची बँक आणि ५००० चा फोन, म्हणजे दोनदा फुल्ल. नाही होत. १०००० म्हणजे ३७ वॉट-अवर, त्यातली पंधरा टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जाते, उरली एकतीस-बत्तीस. फोनची बॅटरी एकोणीस-वीस वॉट-अवरची. म्हणजे दीड वेळा, चांगली असेल तर थोडं जास्त. हल्ली ७००० एमएएचचे फोन आलेत त्यांना तर एकदाच धरा. ही लबाडी नाहीये, प्रामाणिक कंपन्या मागे रेटेड कपॅसिटी म्हणून खरा आकडा छापतात, तो ३.७ ऐवजी ५ व्होल्टच्या हिशोबानं असतो, म्हणून १०००० च्या बँकेवर साधारण ५५०० ते ६५०० दिसतो. तो छापलेला असणं हीच चांगली खूण आहे.

लबाडी कुठे असते तर स्टेशनबाहेर, जत्रेत, कधी ऑनलाईनसुद्धा, ५०००० एमएएच, किंमत पाचशे रुपये. ती हातात घेऊन बघा. १०००० ची चांगली बँक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, २०००० ची साडेतीनशे ते साडेचारशे. खरी ५०००० ची किलोच्या घरात जायला हवी. ती अडीचशे ग्रॅमची असेल तर आत काय आहे ते तुम्हीच ठरवा. किराणा दुकानातला काटा कधी खोटं बोलत नाही, मी खरंच काट्यावर ठेवून बघितलंय. दुसरी खूण, भारतात पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, मागे बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली आर आणि आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूला दिलाय ते येतं. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानात उभं राहून करा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

विमानानं जाणार असाल तर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत सरळ चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाहीच. २०००० ची ७४ होते म्हणजे चालते, पण आकडा बँकेवर छापलेला हवा, पुसला गेला असेल तर सिक्युरिटीवाले काढून ठेवू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानाला आग लागली, माणसं उतरली पण विमान जळालं, आणि तपासात संशय पॉवर बँकेवरच आला. त्यानंतर नियम कडक होत चाललेत, सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँकेवर चार्ज करायलाच बंदी घातलीय. दुबईला मुलांकडे जाणारे आईवडील बरेच असतात, त्यांना फोन घरूनच फुल्ल करून द्या आणि बँक डोक्यावरच्या कप्प्यात न टाकता जवळ, हाताला लागेल अशी ठेवायला सांगा.

आता रोजचं वापरणं. चालता चालता खिशात बँक आणि फोन जोडून ठेवू नका, दोन्ही तापतात आणि फोन तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग फास्ट चार्जिंगचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा दुपारच्या विसाव्याला अर्धा तास लावा, वीसचे साठ होतात, काढून ठेवा. शंभर करत बसू नका, शेवटचे वीस टक्के फार वेळ खातात. पालखीच्या गर्दीत नेटवर्क जाम असतं तेव्हा फोन सिग्नल शोधत बसतो आणि बॅटरी भसाभसा उतरते, तेव्हा सरळ फ्लाइट मोड, ठरलेल्या वेळी उघडा. आमच्याकडे ठरलंय, सकाळी निघताना आणि संध्याकाळी समाजआरती झाल्यावर.

मागे चिकटणाऱ्या मॅग्नेटच्या वायरलेस बँका दिसायला छान आहेत, शहरात ठीक, पण वायरलेसमध्ये बरीच वीज उष्णतेतच जाते, जिथे एकेक टक्का मोलाचा तिथे केबलच लावा.

आषाढात पाऊस असतोच. फोनचा पोर्ट ओला झाला आणि स्क्रीनवर ओलाव्याची सूचना आली तर चार्जिंग करायचं नाही म्हणजे नाही, पोर्ट खाली करून हातावर हलके आपटा आणि वाऱ्याला ठेवा. बँकेला झिपची जाड पिशवी, आणि त्या पिशवीत किल्ल्या, सुट्टे पैसे काही नको.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तंबूत झोपताना लोक बँक आणि फोन जोडून उशाखाली ठेवतात, कोणी नेऊ नये म्हणून. मला कारण कळतं, पण उशी-गोधडीत दाबलेली बँक गरम होते आणि उष्णता जायला जागा नसते. झोपायच्या आधी चार्ज करा, केबल काढा, मग खुशाल उशाशी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तर कधीच नाही. माझ्या मामांची एक बँक सोलापुरात मे महिन्यात तशी राहिली होती, संध्याकाळी बघितली तर मधून फुगून पोळीसारखी झालेली, टेबलावर ठेवली की डगमगायची, आणि जवळ नेली की नेलपॉलिशसारखा गोडसर वास. अशी फुगलेली बँक पुन्हा एकदाही चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेते. पत्र्याच्या डब्यात, लाकूड-कागदापासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

वारी नसते तेव्हा बाबांची बँक कपाटात अर्धी भरलेली असते, चारपैकी दोन दिवे, दर दोन-तीन महिन्यांनी मी बटण दाबून बघते. पूर्ण रिकामी ठेवली तर सेल मरतात, पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली तरी लवकर म्हातारे होतात. आता ती १०००० ची आहे, २० वॉट इनपुटची, आईनं तिला शिवलेली छोटी पिशवी आहे आणि केबलला बाबांनी लाल चिकटपट्टी लावलीय, बोर्डावरच्या पन्नास केबलींत आपली ओळखू यावी म्हणून. गेल्या वर्षी वेळापूरहून त्यांचा फोन आला तेव्हा मी विचारलं किती दिवे आहेत, तर म्हणाले, "तीन. आणि आपल्या दिंडीतल्या दोघांचे फोन पण केले."